आधी किती मिळत होते?

गेल्या वर्षी आगमनकाळातील एका शनिवारी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर येऊन बसली. सोबत तिचे वडील होते. प्रारंभीच सांगून ठेवतो की पापनिवेदनाच्या जाळीआड ऐकलेले एक अक्षरही या लेखात नाही. जे आहे ते ओट्यावर, चहाच्या कपासोबत बोलले गेले, आणि ते येथे लिहिण्यास बापलेक दोघांचीही संमती आहे.

तिचा प्रश्न लहान होता. अंधेरीतील एका कचेरीत ती चार वर्षे हिशेबाचे काम करीत होती. हातात येणारा पगार महिना ३२,००० रुपये. तिला एका नोकरभरती संस्थेचा फोन आला होता. आपली मुले या संस्थांना 'कन्सल्टन्सी' म्हणतात; त्यांचे आईबाप 'प्लेसमेंटवाले' म्हणतात. एका मोठ्या कंपनीत हिशेबनिसाची जागा रिकामी होती. काम काय, जबाबदारी किती, हे दोन वाक्यांत उरकून फोनवरच्या व्यक्तीने विचारले, "सध्या किती घेता? आणि अपेक्षा किती?" तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागाहून पाठवायच्या होत्या. तिच्या आतेभावाचा सल्ला होता की बेधडक ४५ सांग. हे लोक सांगितलेल्या आकड्यावर पंचवीस-तीस टक्के चढवतात आणि हातावर ठेवतात, तेव्हा पायाच उंच बांधावा. स्लिपेचे काय, तर संगणकावर आकडा बदलायला पाच मिनिटे पुरतात.

"फादर, वाढवून सांगितले तर ते पाप का?"

संध्याकाळच्या मिस्साची पहिली घंटा झाली होती. आम्ही अर्ध्या मिनिटात उत्तर दिले: खोटे ते खोटे, खरा आकडा सांग, पुढचे देव बघून घेईल. ती मान हलवून गेली. तिने खरा आकडा सांगितला. नोकरी मिळाली. पगार ठरला ४१,६०० रुपये; बत्तीस हजारांवर बरोबर तीस टक्के.

पुनरुत्थानाच्या सणानंतर ती पुन्हा आली, वाडीतल्या केळ्यांची एक फणी घेऊन. तक्रार करायला आली नव्हती. बोलता बोलता म्हणाली की शेजारच्या टेबलावरचा सहकारी तेच काम करतो, अनुभवही तेवढाच, आणि तो ५८,००० घेतो. पुढे वार्षिक अंदाजपत्रकाचे कागद तिच्याच टेबलावर आले, तेव्हा तिच्या जागेसाठी ६०,००० पर्यंतची मंजुरी पहिल्या दिवसापासून होती, हेही तिला कळले. "तुम्ही सांगितलेत ते बरोबरच होते, फादर," असे ती म्हणाली. तिचा स्वर अगदी सरळ होता. त्या रात्री आम्हांला झोप लवकर आली नाही.

आमचे उत्तर चुकले होते काय? शब्दाने चुकले नव्हते. पण प्रश्नाच्या एका चतुर्थांशालाच आम्ही हात घातला होता, आणि तोही तिच्या वाट्याच्या. उरलेले तीन हिस्से कंपनीचे, मध्यस्थाचे आणि ज्या चालीरीतीत हा व्यवहार घडतो तिचे. त्यांच्याकडे आम्ही पाहिलेही नव्हते. हे असे का होते? माणूस आमच्यापुढे येतो तो एकटा. कंपनी ओट्यावर येऊन बसत नाही. त्यामुळे जो समोर आहे त्याचीच सदसद्विवेकबुद्धी आम्ही तपासतो. धर्मगुरूच्या पेशाचा हा एक दोषच म्हटला पाहिजे.

तिच्या वडिलांना मात्र हा व्यवहार क्षणात उमगला होता. गृहस्थाने तीस-पस्तीस वर्षे वसईच्या वाडीतला माल दादरच्या बाजारात घातला आहे. ते म्हणाले, "फादर, हा तर दलाल. दलाल कुणाचा असतो?" आम्ही म्हणालो, जो आडत देतो त्याचा. ते हसले. "आडत तर आम्हीच द्यायचो की! शेकड्यामागे कापून घ्यायचा आमच्याच पट्टीतून. तरी तो व्यापाऱ्याचाच माणूस. आम्ही दिसणार हंगामापुरते, व्यापारी रोज पहाटे समोर." महाराष्ट्र शासनाने २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. ते योग्यच झाले. परंतु मध्यस्थाची निष्ठा, त्याला पैसे कोण देतो यापेक्षा त्याला पुन्हा पुन्हा कोण भेटणार आहे यावर ठरते, हे त्या शेतकऱ्याने एका वाक्यात सांगितले. आम्हांला ते गुरुविद्यालयातील सात वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

बाजारातली आणखी एक रीत त्यांनी आठवणीत आणून दिली. आंब्याच्या हंगामात व्यापारी आणि दलाल एकमेकांचे हात रुमालाखाली धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. शेतकरी समोर उभा असे. माल त्याचा, घाम त्याचा. परंतु रुमालाखाली काय ठरले, ते रुमाल निघाल्यावर त्याला जेवढे सांगितले जाईल तेवढेच त्याला कळे. कायद्याने उघड लिलाव सांगितलेला आहे, तरी ही रीत बाजारांतून सहजासहजी हटली नाही. आमच्या मते नोकरभरतीच्या फोनवर जे चालते ते याच जातीचे. कंपनीने किती ठेवले आहेत ते मध्यस्थाला ठाऊक; मुलीला किती मिळतात तेही मध्यस्थाला ठाऊक. दोन्ही हात त्याने धरलेले आहेत, आणि रुमालाबाहेर उभी आहे ती एकटी मुलगी.

यात मध्यस्थाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्याचे गणित पाहिले की पुरे. या संस्था उमेदवाराकडून काही घेत नाहीत. मोबदला कंपनी देते. पुष्कळदा तो वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजेच एका महिन्याचा पगार, असा ठरतो. वरच्या जागांसाठी अधिक. उमेदवार रुजू झाला तरच तो मिळतो, आणि ठराविक काळ, बहुधा तीन महिने, तो टिकला नाही तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. वरवर पाहता वाटते की पगार जितका मोठा तितका मध्यस्थाचा वाटा मोठा, म्हणजे तो उमेदवारासाठीच भांडणार. आता आकडे मांडून पाहू. या मुलीला ४१,६०० ऐवजी ५५,००० मिळाले असते, तर संस्थेला एकदाच १३,४०० रुपये अधिक मिळाले असते. पण ते मिळवताना ओढाताण होऊन व्यवहार फिसकटला असता, तर हातचे ४१,६०० गेले असते. शिवाय कंपनी म्हणाली असती, 'तुमची माणसे फार मागतात', आणि पुढची जागा दुसऱ्या संस्थेकडे गेली असती. मुलीच्या बाजूने तोच फरक दरमहा १३,४००, म्हणजे वर्षाला १,६०,८०० रुपये. त्यावर ठरणारा भविष्यनिर्वाह निधी वेगळा, उपदान वेगळे, आणि पुढच्या नोकरीत पुन्हा 'आधी किती?' हा प्रश्न येईल तेव्हा त्यातून जन्मणारी तूट आणखी वेगळी. एकाला एकदा मिळणारी चिल्लर आणि दुसरीला जन्मभर पुरणारी भाकर अशा विषम तराजूवर बसून कोणी प्रामाणिकपणे दुसरीची वकिली करील, ही अपेक्षा भाबडी आहे. फोनवर बोलणारी ती व्यक्तीही बहुधा पंचविशीतलीच कोणी मुलगी असते. महिनाअखेरीस इतक्या जागा भरल्या पाहिजेत असा तिच्याही मानेवर आकडा असतो. तिचा पगार ठरला तेव्हा तिलाही हाच प्रश्न विचारला गेला असेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सत्य सांगण्याचे कर्तव्य किती दूरवर जाते? संत ऑगस्टीन यांचे उत्तर कडक होते: असत्य कोणत्याही हेतूने बोलू नये, जीव वाचविण्यासाठीही नाही. पुढच्या शतकांत नीतिशास्त्रज्ञांनी यातून वाटा शोधल्या. काहींनी तर असेही मांडले की मोठ्याने अर्धे वाक्य बोलावे, उरलेले मनात पुरे करावे, आणि ते असत्य ठरू नये. 'मला ४५ मिळतात' असे तोंडाने म्हणायचे आणि 'मिळायला हवेत' असे मनात म्हणायचे, असा तो प्रकार. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ही पळवाट बंद केली, आणि उत्तम केले. जे वाक्य ऐकणाऱ्याला कोणत्याही उपायाने समजणार नाही, ते वाक्य नव्हेच.

मग आणखी एक वाट पुढे आली: ज्याला सत्य जाणण्याचा हक्कच नाही, त्याला खोटे सांगितले तर ते असत्य म्हणावे काय? येथे एक बारीकशी घटना सांगण्याजोगी आहे. आमच्या विद्यार्थिदशेनंतरची आहे, म्हणून आम्हांलाही ती उशिराच कळली. १९९२ साली ख्रिस्तसभेचा जो नवा धर्मशिक्षणग्रंथ निघाला, त्यात असत्याची व्याख्या करताना, सत्य जाणण्याचा ज्याला हक्क आहे अशा माणसाची दिशाभूल, असा भाव होता. १९९७ साली लॅटिनमधील अधिकृत आवृत्ती आली तेव्हा हक्काविषयीचे ते शब्द गाळण्यात आले. आतेभावाची वाट तेथे संपली. समोरच्याला विचारण्याचा हक्क नव्हता, म्हणून माझे ४५ खोटे ठरत नाहीत, असे आता म्हणता येत नाही. आणि स्लिपेवर आकडा बदलणे ही तर सरळ बनावट दस्तऐवजाची गोष्ट, तिच्यासाठी नीतिशास्त्र कशाला हवे? तथापि त्याच ग्रंथात थोडे पुढे दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती गाळलेली नाही: ज्याला जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्यास कोणीही बांधलेला नाही. खोटे बोलण्याचा परवाना नाही. मौनाचा हक्क मात्र शाबूत आहे. त्या संध्याकाळी आम्ही तिला पहिली गोष्ट सांगितली आणि दुसरी सांगायची राहून गेली. 'खरा आकडा सांग' आणि 'खोटा आकडा सांगू नकोस' ही दोन वाक्ये एक नव्हेत.

यावर वाचक म्हणतील, फादर, मौन राखायला सांगणे सोपे. अर्जातला तो चौकोन भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. हे खरे आहे. आम्ही नंतर तिला विचारले, 'माझा पगार राहू द्या, या कामाला तुम्ही किती ठेवले आहेत ते सांगा' असे म्हणून पाहिले असतेस तर? ती म्हणाली, "फादर, माझ्यामागे वीसजणी रांगेत होत्या." मौनाचा हक्क सर्वांना सारखा असला तरी तो वापरण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरी सहा महिन्यांचा शिधा आहे तो गप्प बसू शकतो. जिच्या भावाची फी भरायची आहे, तिला गप्प बसणे परवडत नाही. म्हणूनच काही देशांनी हा भार उमेदवाराच्या डोक्यावरून उचलून कायद्यावर ठेवला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली असा कायदा केला की पगार देऊ करण्यापूर्वी मालकाने उमेदवाराचा आधीचा पगार विचारू नये. २०१८ पासून तो अमलात आहे. न्यूयॉर्क शहर, कॅलिफोर्निया यांनीही तोच मार्ग धरला. युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशात आधीचा पगार विचारण्यास मनाई आहे आणि जागेचा पगार कोठून कोठपर्यंत आहे हे मुलाखतीआधी कळवण्याची सक्तीही आहे. सदस्य राष्ट्रांना त्यासाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. या कायद्यांमागचे कारण आमच्या ओट्यावरच्या कारणासारखेच आहे: स्त्रीला पहिल्या नोकरीत कमी मिळाले की प्रत्येक पुढची नोकरी त्या कमी आकड्यावरच टक्के चढवते, आणि एकदा झालेला अन्याय तिच्याबरोबर गाव बदलीत फिरतो. आपल्या देशात असा कायदा नाही. त्यामुळे येथे हा प्रश्न अजून सदसद्विवेकाच्याच दारात उभा आहे. मात्र आमच्या मते तो विचारणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा आहे.

या ठिकाणी सिसरोने मांडलेल्या एका जुन्या प्रश्नाची आठवण होते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी धान्याची गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटकरांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसरोचा कौल, सांगावे. संत थॉमस अक्विनास यांनीही हा प्रश्न हाताळला. त्यांच्या मते मालात दोष असेल तर तो सांगणे न्यायाने बंधनकारकच. पुढे भाव उतरणार आहे हे सांगणे काटेकोर न्यायाने बंधनकारक नाही, सांगितले तर तो अधिक थोर सद्गुण. आम्ही हा धडा तरुणपणी शिकलो आणि व्यापाऱ्यांसाठी आहे असे समजून बाजूला ठेवला. पण पगाराच्या बोलणीत गलबते कोणाला दिसत आहेत? जागेला ६०,००० मंजूर आहेत हे कंपनीला ठाऊक, मध्यस्थाला ठाऊक. माहितीचे ओझे ज्याच्या खांद्यावर, सांगण्याचे कर्तव्य आधी त्याचे. आणि आम्ही मात्र सारी नैतिक चौकशी त्या एका बाईची केली, जिला समुद्रावर काहीच दिसत नव्हते.

काहीजण म्हणतात, ही सारी घासाघीस म्हणजे एक खेळ आहे, खेळात थाप मारणे गृहीतच असते. आल्बर्ट कार या अमेरिकन लेखकाने १९६८ साली एका व्यापारविषयक नियतकालिकात हाच युक्तिवाद केला होता: धंदा हा पत्त्यांच्या जुगारासारखा, तेथे हातची पाने लपवणे आणि हुलकावणी देणे याला कोणी असत्य म्हणत नाही. यात तथ्याचा अंश आहे हे आम्ही मान्य करतो. होळीबाजारात भाजीवाली 'बाय, परवडत नाही' म्हणते आणि दुसऱ्याच क्षणी परवडते. तेथे कोणीही फसत नाही, कारण दोघींनाही ही भाषा येते. परंतु जुगाराच्या टेबलावर प्रत्येकजण स्वेच्छेने बसतो, प्रत्येकाला सारखीच पाने वाटली जातात आणि नको असेल तर उठून घरी जाता येते. पोटासाठी बसलेल्या माणसाला उठता येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात नेमके हेच ओळखले होते: गरजेपोटी किंवा याहून वाईट वाट्याला येईल या भीतीने कामगार कमी वेतन पत्करतो, तेव्हा त्याची संमती ही संमती नसते, तो बळजोरीचा बळी असतो. दोन्ही बाजूंनी सही केली एवढ्याने वेतन न्याय्य होत नाही. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव का घेतले हे सांगताना याच परिपत्रकाचा उल्लेख केला, तेव्हा ही जुनी शिकवण कपाटातून बाहेर आली, आमच्याही कपाटातून.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर लिहिताना एक शब्द वापरला होता: अप्रत्यक्ष मालक. पगारपत्रकावर सही करणारा तो प्रत्यक्ष मालक; पण ज्या संस्था, जे कायदे, ज्या रूढी त्या सहीचा आकडा ठरवतात, त्याही मालकपणाच्या जबाबदारीत भागीदार. भरती करणारी संस्था या शब्दात अचूक बसते. 'आम्ही फक्त निरोप पोहोचवतो' हे म्हणणे तिला शोभत नाही. एवढे तरी तिने करावे: जागेचा पगार कोठून कोठपर्यंत आहे ते उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगावे, आणि आपल्याला मोबदला कोण देतो हेही लपवू नये. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलेमुली आज अशा संस्थांत आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत कामाला आहेत. हा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचावा.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील, मोजदाद नाही. पहाटे आलेल्यांशी मालकाने एक दिनार ठरवला. उशिरा आलेल्यांना, जे योग्य असेल ते देईन, एवढाच शब्द दिला. एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटत आली होती. मालकाने चौकातल्या त्या माणसांपैकी कोणालाही, काल किती मिळाले होते, असे विचारले नाही. शिवाय मजुरी वाटली ती उघड्यावर, शेवटच्यांना आधी. म्हणून तर पहिल्यांना दिसली आणि कुरकुर झाली. कुरकुर टाळायचीच असती तर पहिल्यांना आधी देऊन घरी पाठवता आले असते. मालकाने कुरकुर ऐकून घेणे पसंत केले, रुमाल पांघरला नाही.

आमच्या तरुणांचीही एक बाजू येथे सांगितली पाहिजे, नाहीतर हे लेखन एकतर्फी होईल. हल्ली ऑफर लेटर स्वीकारायचे, रुजू होण्याचा दिवस कळवायचा, आणि तेच पत्र जुन्या मालकाला दाखवून पगार वाढवून घ्यायचा; ठरल्या दिवशी मात्र फोन बंद. काहीजण तर तीन-तीन पत्रे खिशात बाळगतात. यात फसतो कोण? कंपनीचे फार बिघडत नाही. मुलाखतीत दुसरी आलेली कोणीतरी मुलगी 'जागा भरली' असे ऐकून घरी गेलेली असते. तिने दुसरीकडे कमी पगारावर होकार दिलेला असतो. दिलेल्या शब्दाला उमेदवाराच्या बाजूनेही वजन असले पाहिजे. पत्र स्वीकारण्यापूर्वी हवी तेवढी घासाघीस करावी. ते आपल्या घामाचे मोल आहे, त्यात लाज कसली? आपल्या घरांतून मुलींना विशेषतः शिकवले जाते की जे मिळाले त्यात समाधान मानावे, मागणे म्हणजे लोभ. आम्हीही व्यासपीठावरून तसे बोललो आहोत. न्याय्य मागणी आणि लोभ यांतला फरक त्या प्रवचनांत आम्ही नीट केला नव्हता, हे आज कबूल करतो.

आखाती देशांच्या बाबतीत पायरी आणखी खालची होती, आणि कित्येक ठिकाणी अजूनही आहे. तेथे मध्यस्थ उमेदवाराकडूनच पैसे घेतो. १९८३ च्या परदेशगमन कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, परदेशगमन संरक्षकाची कचेरी नेमली. उमेदवाराकडून घ्यावयाच्या मोबदल्याला नियमांनी ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी कमाल मर्यादा घातली. तरी दागिने गहाण टाकून गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. येथे एका पगाराच्या करारावर सही, तेथे उतरल्यावर दुसऱ्याच कागदावर. कर्ज काढून गेलेला माणूस परत फिरणार कसा? तो सही करतो. लिओ तेराव्यांनी सांगितलेली भीती म्हणजे हीच. या विषयावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आता राहिली आमची स्वतःची गोष्ट. ती शेवटी येत आहे, यातच आमचा संकोच दिसतो.

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या आवाराची आणि दफनभूमीची देखभाल करण्यासाठी आम्ही एक गृहस्थ नेमले. मध्यमवयीन, कष्टाळू, घरी बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. नेमणूक आम्हीच, आमच्या टेबलावर केली. आम्ही विचारलेला दुसराच प्रश्न असा होता: "आधी किती मिळत होते?" ते म्हणाले, "अकरा हजार, फादर." आम्ही साडेबारा देऊ केले. त्यांनी हात जोडले, आणि आम्हांला आपण उदार असल्याचा आनंद झाला. त्या दिवशी आम्ही शासनाचा किमान वेतनाचा तक्ता उघडून पाहिला नव्हता. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२८६ वा नियमही उघडला नव्हता; त्यात चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांना कामगारकायदे काटेकोर पाळण्यास आणि कामगाराचे व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचे भागेल असे वेतन देण्यास सांगितले आहे. तो नियम आम्ही गुरुविद्यालयात शिकलो होतो. परीक्षेतही लिहिला होता. त्या मुलीच्या कंपनीने तीस टक्के तरी चढवले. आम्ही चढवले चौदासुद्धा नाहीत.

गेल्या महिन्यात धर्मग्रामाच्या वित्त समितीपुढे आम्ही हा विषय ठेवला. तक्ता सोबत नेला होता. शिवाय दोन मुलांच्या घराचा महिन्याचा खर्च, त्या गृहस्थांच्या पत्नीला विचारून, एका कागदावर मांडून नेला होता. खजिनदार सज्जन आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "पण फादर, त्यांनी मागितले कुठे?"

बैठकीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्या मुलीच्या वडिलांनी, तेही समितीवर आहेत, खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. खजिनदारांना त्याचा अर्थ कळला नाही. तो आम्ही त्यांना बाहेर, पायऱ्यांवर समजावून सांगितला. आकडा अजून ठरायचा आहे. पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे, आणि ते गृहस्थही त्या बैठकीला टेबलाशी खुर्चीवर बसणार आहेत.